लांब मफलरचा बर्फोबा

लहान मुलांच्या दातांच्या त्या दवाखान्यात पाटीवर नाव डॉक्टरांचं होतं, पण राज्य मावशींचं होतं. काउंटरवर बसून नावं लिहायची, फोन घ्यायचे आणि आत जाणाऱ्या प्रत्येक पोराला गोडीगुलाबीनं खुर्चीपर्यंत पोचवायचं, हे त्यांचं काम. "रडकं पोर माझ्याकडे द्या आणि तुम्ही निवांत पेपर वाचा," असं त्या आईबापांना बजावायच्या. आईबाप बिचारे मुकाट्यानं पेपर उघडायचे. मावशींपुढे बोलायची कुणाची टाप होती!

थंडी पडली की मावशींच्या अंगातच यायचं. कागदाची घडीवर घडी घालायची, कडेनं कात्रीनं बारीक बारीक टवके काढायचे, उलगडलं की बर्फाचं फूल तयार. अशी फुलं छतभर टांगलेली असायची. टांगायला दोरा कुठला, तर दातांच्या फटी साफ करायचा! डॉक्टरांच्या ट्रेमधला कापूस गायब व्हायचा आणि कागदी बाहुल्यांच्या पोटावर जाऊन चिकटायचा. "मावशी, तो कापूस हिरड्यांसाठी आहे हो," डॉक्टर कळवळून म्हणायचे. "मग मागवा की अजून," मावशी म्हणायच्या, आणि विषय तिथंच संपायचा.

पण खरी करामत होती ती बर्फोबाची. पोरांना रंगवायला बर्फाचा माणूस देणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे त्यांना पहिल्याच हिवाळ्यात कळून चुकलं होतं. तो मुळात पांढरा, कागदही पांढरा. पोरं नाकाचं गाजर तेवढं रंगवायची आणि परत भोकाड पसरायला मोकळी. मग मावशींनी डोकं लढवलं. त्यांनी बर्फोबाला कपडे घातले, आणि तेही पोराचं दुखणं बघून! नुसते दात तपासायचे असले तर डोक्यावर टोपी. दाढ भरायची असली तर टोपी आणि बटणांचा कोट. आणि दात काढायचा असला, म्हणजे आतल्या तयारीला वेळ लागणार असला, तर गळ्यात पट्ट्यापट्ट्यांचं मफलर, पार जमिनीवर लोळणारं. प्रत्येक पट्ट्याला वेगळा खडू. शेवटचा पट्टा रंगवेपर्यंत आतून हाक यायची आणि पोर रंगाच्या नादात खुर्चीत जाऊन बसायचं. "कळतसुद्धा नाही हो त्यांना, कुठं चाललोय ते!" असं मावशी छाती फुगवून सांगायच्या.

ही चित्रं त्या घरी बसून काढायच्या आणि जोडीला असायची त्यांची नात, भिंगरी. नाव वेगळंच होतं, पण एका जागी ठरेल तर शपथ! मफलरचे पट्टे आखायला मात्र ती पट्टी धरून अशी बसायची की बघत राहावं.

आता गंमत बघा. ह्या भिंगरीचीच एक दुधाची दाढ किडली आणि गाल टम्म फुगला. डॉक्टरांनी फोटो काढला आणि आजीला बाजूला घेऊन सांगितलं, "मुळाशी पू झालाय. औषधानं सूज उतरली की लगेच काढू. ठेवली तर खालच्या पक्क्या दाढेची वाट लागेल." सूज उतरली तशी सूनबाई म्हणाली, "आई, मी रजा काढून येते." "कशाला गं? गावभरची पोरं खुर्चीत बसवते मी, घरची एक बसवता येणार नाही?" असं म्हणून मावशींनी तिला कामावर पिटाळलं आणि नातीला सांगितलं, "चल बाई, डॉक्टर नुसतं बघणार आहेत."

दवाखान्यात भिंगरी छोट्या टेबलाशी बसली. मावशींनी खण उघडला, आत हात घातला आणि तिच्यापुढे कागद ठेवला. हातच तो, वर्षानुवर्षांच्या सवयीचा! ज्याची दाढ काढायची त्याला जो द्यायचा, तोच त्यानं बरोबर उचलला.

भिंगरीनं लांब मफलर बघितलं. मग आजीकडे बघितलं.

"तू म्हणालीस नुसतं बघणार."

"अगं, बघणारच आहेत."

"मग टोपीवाला दे."

गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात ना, तशातली गत झाली. भिंगरीनं खडू खाली ठेवला, ओठ गच्च मिटले, आणि अळीमिळी गुपचिळी!

मावशींनी काय काय करून पाहिलं! चूळ भरायच्या कागदी पेल्याचा पेंग्विन करून टेबलावर चालवला. स्वतःची मोठी कात्री, जिला कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत ती, पुढे केली. लाडीगोडी झाली, दटावून झालं. पोरगी ढिम्म. सगळ्या युक्त्या तिच्यासमोरच तर घडल्या होत्या, ती कशाला फसतेय!

डॉक्टर बाहेर आले आणि हळूच म्हणाले, "मावशी, आज निघाली नाही तर पुन्हा सूज आलीच म्हणून समजा. पण हातपाय धरून मी कुठल्याच पोराचा दात काढत नाही, तुम्हाला माहीत आहे."

तेव्हा भिंगरीनं तोंड उघडलं, पण बोलण्यापुरतंच. "आजी, तू कधी बसलीयेस त्या खुर्चीत?"

डॉक्टर एकदम छताकडची फुलं बघायला लागले. मावशी किती दिवस डाव्या बाजूनंच चावून खातायत हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. बसा म्हणून सांगून ते थकले होते, आणि दर वेळी मावशींना नेमका कुणाचातरी फोन यायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! समोरच्या आईबापांचे पेपर एकेक करून खाली आले.

"बसते की! मला काय धाड भरलीय?" मावशी तरातरा आत गेल्या आणि खुर्चीत बसल्या. बसेपर्यंत सगळं ठीक होतं. खुर्ची मागे कलली, डोळ्यांवर दिवा आला आणि त्यांची पाचावर धारण बसली. डॉक्टरांनी फक्त आरसा लावला दाढेला, तर त्यांनी अशी किंकाळी फोडली की काउंटरवरचा फोनसुद्धा गप्प झाला असता.

भिंगरी दारात उभी होती. "आजी, तुला भीती वाटते?"

"वाटते गं बाई. फार वाटते," मावशी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आणि तुझी दाढ काढायचीय आज. मी तुझ्याशी खोटं बोलले."

"दुखेल?"

"सुई टोचेल तेव्हा दुखेल. मग बधिर होईल."

भिंगरीनं जरा विचार केला. "मग ऊठ तू. आणि बाहेर थांब, तू अशी ओरडलीस तर मला जमणार नाही." तिनं बाहेरच्या टेबलावरचा कागद आणून आजीच्या हातात कोंबला. "हे रंगवत बस."

दार बंद झालं. मावशी त्या बुटक्या खुर्चीवर कशाबशा टेकल्या, गुडघे पार हनुवटीशी. एक पट्टा लाल केला, एक निळा केला. हात चालत होता, पण कान दाराशी, जीव दाराच्या आत. तिसऱ्या पट्ट्याला खडू मोडला. रंगाच्या नादात विसरायचं म्हणे! एक क्षणभरसुद्धा त्यांना विसरता आलं नाही.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की कुणीच विसरलं नसणार. इतकी पोरं ह्याच खुर्चीवर, खडू असाच घट्ट धरून बसली. आत काय आहे ते एकूणएक पोराला ठाऊक होतं. तरी हाक आली की उठायची आणि जायची. कसली युक्ती नि कसलं काय! ती एवढीएवढीशी पोरं धीराची होती, आणि मिरवलं मात्र मावशींनी. त्यांना आपली लाज वाटली, आणि त्या सगळ्या पोरांचं इतकं कौतुक वाटलं की पट्टे दिसेनासे झाले.

दार उघडलं. भिंगरी बाहेर आली, गालात कापसाचा बोळा, डोळे लाल, मान ताठ. मावशींनी तिला जवळ ओढून घेतलं. तिनं आजीच्या खांद्यावरून कागद बघितला. मफलर अजून निम्मं पांढरंच होतं.

"मावशी," आतून डॉक्टरांची हाक आली, "खुर्ची रिकामी आहे. येताय?"

भिंगरीला बोलता येत नव्हतं. तिनं नुसतं दाराकडे बोट दाखवलं. मावशींनी हातातला खडू तिच्याकडे दिला, पदर सारखा केला आणि उठून आत गेल्या.