पश्चिमेला पडलेला दगड

आमच्या मेकॅनिक्सच्या सरांनी अख्ख्या वर्गाला फसवलं. आणि मी माझ्या रूम पार्टनरला फसवलं. माझ्या वाट्याचं मी इथं लिहून टाकते. सरांच्या वाट्याचं त्यांनी अजून कबूल केलेलं नाही.

मी धर्माबादची. मिरचीच्या बाजारात आईशेजारी बसून वाढले, त्यामुळं समोरच्यानं सांगितलेला पहिला भाव खरा नसतो हे मला अक्षरओळखीच्या आधी कळलं. लातूरला बी.एस्सी. केली ती शाळेतल्या पोरांच्या शिकवण्या घेत. खोलीत सोबतीला निलंग्याची एक मुलगी होती. फिजिक्स तिला माझ्याहून जास्त आवडायचं. पण शाळा मराठीतून झालेली. इंग्रजी पुस्तक उघडलं की तिचा चेहरा उतरायचा.

सरांनी स्वतःच मराठीत पुस्तक लिहिलं होतं. पातळ, सोपं, अभ्यासक्रमाच्या मापानं कापलेलं. प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही हवी असेल तर ते पुस्तक टेबलावर दिसलंच पाहिजे, असा त्यांचा नियम. मी भांडले.

"सर, एका खोलीत राहतो. दोघींत एक चालंल की!"

कुरकुरत ते तयार झाले. पुस्तक तिच्याकडं राहिलं. मी गंजगोलाईजवळच्या जुन्या पुस्तकवाल्याकडं गेले आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हातात घेतलं.

"चाचा, ह्याला तर कव्हरच न्हाई."

"बेटी, तुला कव्हर वाचायचंय का किताब?"

दोनदा मी पाठ फिरवून निघाले. दुसऱ्यांदा त्यांनीच हाक मारली.

त्या पुस्तकानं मला रडवलं. एकेका गणिताला दोन-दोन दिवस. "हे उघड आहे" असं लिहून लेखक पुढं जायचा आणि मला ते उघड करायला चार पानं खरडावी लागायची. पण एकदा आकृती नीट उमगली की ती माझीच व्हायची.

फिरत्या पृथ्वीच्या प्रकरणात मी अडले. उंच मनोऱ्यावरून दगड सोडला तर तो सरळ खाली न पडता किंचित पूर्वेला पडतो, असं माझं पुस्तक सांगत होतं. सरांच्या पुस्तकात छापलं होतं, पश्चिमेला. पृथ्वी पूर्वेकडं फिरते म्हणजे दगड मागं राहणार, असं कुणालाही वाटेल. पण मनोऱ्याचं टोक पायथ्यापेक्षा जास्त वेगानं पूर्वेकडं जात असतं. दगड तो जादा वेग घेऊनच खाली येतो. मी तीनदा गणित केलं आणि स्टाफरूम गाठली.

सरांनी माझी वही पाहिली. नीट पाहिली, हे मी शपथेवर सांगेन. मग ती मिटून परत दिली.

"पेपर माझ्या पुस्तकावर निघतो. तपासणारेही तेच वाचतात. तुला मार्क पाहिजेत का पूर्व पाहिजे?"

माझं डोकं तडकलं. पण जिन्यावरून उतरता उतरता मी हिशोब केला आणि मार्क घेतले.

खोलीत ती येरझाऱ्या घालत पाठ करत होती.

"काय म्हणाले गं सर?"

"काय न्हाई. पश्चिमच लिही."

"हाव. तेच पाठ करायलेय."

खरं सांगितलं तर पेपरात हिचा गोंधळ उडेल, म्हणून नंतर सांगू, असं मी ठरवलं. पेपर झाला. दोघींना छान मार्क पडले. सांगायचं राहून गेलं.

मग एम.एस्सी.च्या मुलाखतीला आम्ही नांदेडला गेलो. तिच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, मुलींचं होस्टेल आहे तिथंच शिकायचं, नाहीतर घरी यायचं. असं तिला परवडणारं हे एकच ठिकाण. ती आधी आत गेली. बाहेर आली तेव्हा कान लाल झाले होते.

"दगडाचं विचारलं. मी पश्चिमेला म्हणाले. 'का' विचारलं, तर पुस्तकातलं धडाधडा म्हणून दाखवलं. सगळे हसले गं."

मी काही बोलायच्या आत माझं नाव पुकारलं. मलाही तोच प्रश्न. मी म्हणाले, पूर्वेला, आणि का तेही सांगितलं. यादीत माझं नाव लागलं, तिचं नाही. ती निलंग्याला घरी परतली.

आज मी लातूरला बी.एस्सी.च्या मुलांना शिकवते. गेल्या वर्षी निलंग्याला जाऊन मी तिला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मला वाटलं, आपलंच डोकं कमी. पोरीला गणित सांगायला बसत न्हाई मी. चुकंल म्हणून भ्या वाटतंय."

मी माफी मागितली. ती द्यायची का नाही, हे तिचं ती बघेल.

पण सर, तुमची नवी आवृत्ती माझ्या विद्यार्थ्यांच्या हातात आलीय. कव्हर रंगीत केलंत, कागद गुळगुळीत केलात, दगड अजून पश्चिमेलाच पडतोय. माझी वही तुम्ही पाहिली होती. ते पान आता दुरुस्त कराल किंवा करणार नाही. मला त्याआधी दुसरं हवंय. निलंग्याला जा, तिच्या दारात उभे राहा आणि तिच्या पोरीच्या देखत सांगा, चूक कुणाची होती. कधी जाताय?