वाळ्याचं पाणी

टेक्सासचा वारा असा, की उभी गाडीसुद्धा हलकेच झुलते. अर्विंगच्या बाहेर भाड्याच्या जागेत आमची आरव्ही उभी असते. दुपारी मी तिथे जातो, आतल्या पलंगावर आडवा होतो आणि छताच्या झरोक्यातून ढग सरकताना बघतो. थोड्या वेळाने ढग थांबलेत आणि आपणच चाललोय असं वाटायला लागतं. निवृत्तीनंतर बायकोने हट्टाने घेतलेलं हे चाकांवरचं घर, ओटा आणि न्हाणीघरासकट. ती गेल्या उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून या मार्चपर्यंत गाडी जागची हलली नव्हती. माझा प्रवास मात्र चालू होता.

गाडीच्या पोटात पिण्याच्या पाण्याची टाकी आहे. पहिल्याच सहलीत बायकोने घोटभर पाणी पिऊन तोंड वाकडं केलं. “प्लॅस्टिक लागतंय,” म्हणाली. फिल्टरचं बघतो, असं मी म्हणालो, पण वाट बघणं तिच्या स्वभावात नव्हतं. उन्हाळ्यात माठात टाकतात तशी वाळ्याची जुडी तिने टाकी भरायच्या तोंडातून आत ढकलून दिली. माठातली जुडी हात घालून काढता येते, टाकीतली येत नाही, हे तिच्या गावीही नव्हतं. पुढे दर उन्हाळ्यात नवी जुडी आत जायची, आणि दर सहलीत पंप घरघरायचा. मग मी गुडघे टेकून पंपाआधीची छोटी जाळी उघडायचो आणि अडकलेले मुळांचे तंतू चिमटीने काढायचो.

“जगात कोणी टाकीत वाळा घालतं का?”

“आधी पाणी पी, मग भांड,” म्हणत ती पेला पुढे करायची.

ते पाणी प्यायलं की भांडायचं राहूनच जायचं. बाहेर वाळवंट असो की पाइनचं जंगल, पेल्यात मात्र एप्रिलमधली, पडदे ओढून घेतलेली दुपार असायची.

थंडीच्या आधी टाकी रिकामी करावी, नाहीतर पाणी गोठून पाइप फुटतात. हे मी इतकी वर्षं चारचौघांना ऐकवत आलोय. या वर्षी मीच केली नाही. आत हीटर लावून ठेवला. अधूनमधून जायचं, नळ जरासा सोडायचा, पाणी ओंजळीत धरून हुंगायचं आणि डोळे मिटून बसायचं. प्यायचो नाही, तेवढं शहाणपण शिल्लक होतं.

मार्चमध्ये लेकीचा फोन आला. “बाबा, स्प्रिंग ब्रेकला आम्ही आरव्ही घेऊन जाऊ? बाळाची पहिली ट्रिप होईल. पण टँक सॅनिटाइझ करा हं, ब्लीच टाकून, प्रॉपरली. तिची बाटली त्याच पाण्याने बनवणार ना.”

“करतो,” म्हणालो. दुसरं काय म्हणणार? नातीच्या पोटात कित्येक महिने साचलेलं पाणी घालायचं नव्हतं. पण एकदा ब्लीच गेलं की तो वास कायमचा जाणार होता, आणि बायकोचं जे अजून जिवंत वाटत होतं ते माझ्यापुरतं तेवढंच होतं.

मग मी बाकीची सगळी कामं फार मन लावून केली. छतावर चढून सांध्यांना सीलंट लावलं. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी पूड घासली. टायरमधली हवा बघितली, पुन्हा बघितली. दाराचं रबर पुसलं. शेवटी करायला काहीच उरेना, तेव्हा गाडीखाली पालथा पडून टाकीची चावी सोडली.

पाणी गवतात पसरत गेलं आणि उन्हात तो वास वर आला. आत कोणीतरी पेले विसळतंय असं मला स्पष्ट ऐकू आलं. मी उठलो नाही. तसाच पडून रडलो. नंतर वाकवलेल्या तारेने मुळं ओढून काढली, पायरीवर वाळत घातली आणि रुमालात बांधून खिशात ठेवली. ती माझी. मग ब्लीच घातलं, रात्रभर ठेवलं, आणि वास पार जाईपर्यंत टाकी धुतली.

लेक गाडी न्यायला आली. जावई पुढे आरसे जुळवत होता, बाळ सीटमध्ये झोपलं होतं. तिने नळ सोडून पेला भरला, प्यायली आणि मान डोलावली. “पर्फेक्ट, बाबा.” मग आणखी एक घोट घेतला, तोंडात थोडा वेळ धरला आणि माझ्याकडे बघितलं.

“आईचं पाणी कुठे गेलं?”

तूच सांगितलंस की, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचा चेहरा लहानपणी गर्दीत हात सुटला की व्हायचा तसा झाला होता. मी खिशातून रुमाल काढून दिला. तिने तो नाकाशी धरला आणि माझ्याकडे पाठ करून सिंकपाशी उभी राहिली. बऱ्याच वेळाने वळली, तेव्हा रुमाल बाळाच्या बॅगेत गेलेला होता.

मी मागितला नाही. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला, मग तोच हात हुंगून बघितला. त्याला नुसता ब्लीचचा वास येत होता.