अंगठ्याची जागा

माझे धाकटे दीर डिझेल ट्रकचे मिस्त्री. ड्रायव्हर लोक त्यांना कानवाले उस्ताद म्हणत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, दुसऱ्या हाताचा अंगठा डिझेलच्या नळीवर दाबायचा आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "उपाशी आहे बिचारं." म्हणजे इंजिनाला डिझेल कमी पडतंय. ते खरंच निघायचं. देवाने त्यांना कान दिला होता, आणि आयुष्यभर ज्या इंजिनांवर तो लावला त्यांनीच तो हळूहळू काढून घेतला.

घरात आम्हाला कळलं होतं. जेवायला बोलवायचं तर समोर जाऊन उभं राहावं लागे. एकदा मी हातवारे करून म्हटलं, "भाऊजी, डॉक्टरांना कान दाखवू या."

"वहिनी, मी कान दाखवले की गिऱ्हाईक पाठ दाखवेल."



लंबू ड्रायव्हर त्यांचा जुना गिऱ्हाईक, आणि खरं तर एकुलता एक मित्र. एका दुपारी तो डिझेलच्या प्रेशरचा काटा घेऊन गॅरेजात आला आणि भाऊजींच्या तोंडासमोर तोंड आणून ओरडला, "उस्ताद, हा बसवा. मालकाची ऑर्डर. डिझेल कमी पडलं की केबिनमध्ये कळलं पाहिजे."

"का? मी मेलो काय?"

"मेल्यावर कुणाकडून बसवून घेऊ? म्हणून तर आत्ता आलो."

भाऊजी हसले आणि ट्रकखाली शिरले. मी चहा घेऊन गेले होते. लंबू मला म्हणाला, "मालकाला काय पडलंय, वहिनी! काटा मीच आणलाय. मागच्या खेपेला फिल्टर तुंबला होता, उस्तादांना ऐकूच आलं नाही. काटा असला की त्यांना ऐकायची गरज नाही. चारचौघांत शोभा नको." भाऊजींचे पाय आमच्यापासून हातभर अंतरावर होते. आवाज खाली आणायचीही गरज नव्हती.

काम त्यांनी मन लावून केलं. नळी कापून मधे काट्याचा जोड घातला, वायर केबिनमध्ये नेली, जोडावर कोरडं फडकं फिरवून थेंब पाझरत नाही ना ते पाहिलं. जोड बरोबर तिथे घातला, जिथे इतकी वर्षं त्यांचा अंगठा टेकायचा. इंजिन चालू झालं, काटा वर गेला. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. म्हटलं, सुटले बाई भाऊजी. पुढे आणखी दोन ट्रकवालेही काटे बसवून घेऊन गेले.

मग लंबूचा भरलेला ट्रक चढावर बंद पडला, मागे घसरला आणि दगडी भिंतीवर आदळला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

दवाखान्यात मी भाऊजींबरोबर गेले. लंबू पडल्या पडल्या मला म्हणाला, "इंजिन धापा टाकत होतं, वहिनी. पण काटा उलट वर वर चढत होता. म्हटलं, उस्तादांचा हात लागलाय, डिझेलची काळजी नाही. माल जास्त झाला असेल."

भाऊजी माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणतोय?"

लंबूने मानेनेच मला खूण केली, सांगू नका.

रोज सकाळी देवापुढे मी एवढंच मागते, की माझ्याकडून खोटं वदवू नकोस. त्या दिवशी ते मागणं फार जड गेलं. मी भाऊजींच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळं ओरडून सांगितलं. सगळा वॉर्ड आमच्याकडे बघायला लागला.

"वर? खाली नाही?"

"वर."

त्यांनी पलंगाच्या लोखंडी दांडीवर अंगठा दाबला. मग ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "फिल्टर तुंबला की त्याच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला, प्रेशर चढतं आणि पलीकडे इंजिन उपाशी मरतं. काटा पलीकडे हवा होता, वहिनी. अलीकडे डिझेलचा ठोका बोटाला चांगला लागतो म्हणून मी अंगठा तिथे ठेवायचो, पलीकडचं मला कान सांगायचा. काट्याला कुठला कान?"

"उस्ताद, हळू," लंबू म्हणाला. "सगळे ऐकतायत." तेही त्यांना ऐकू गेलं नाही.

दवाखान्याच्या पायरीवरच त्यांनी मला फोन लावायला लावला. दुसऱ्या दोन ट्रकांचेही काटे तिथेच होते. एक ड्रायव्हर घरीच सापडला. दुसऱ्याचा फोन नुसता वाजत राहिला.

"उचलला?"

"वाजतोय."

घरी येईपर्यंत ते हेच विचारत होते आणि मी हेच सांगत होते. माझं नामस्मरण कुठल्या कुठे गेलं, नुसती रिंग मोजत बसले.

संध्याकाळी गॅरेजासमोर हॉर्न वाजला. मी धावत आत जाऊन भाऊजींना हाताला धरून बाहेर आणलं. तोच ट्रक होता. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "इतके फोन? कोण गेलं?" मी त्याला उतरवून सगळं सांगितलं. त्याचं तोंड उतरलं.

भाऊजींनी जोड काढला, फिल्टरच्या पलीकडे बसवला, अलीकडची नळी नवीन घातली. हात पुसले. मग लांब स्क्रू-ड्रायव्हर खिळ्यावरून काढून त्याच्या हातात दिला.

"मी बसवलंय, पण दुसऱ्या मिस्त्रीला दाखवल्याशिवाय चढाला लागू नकोस," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. ड्रायव्हर काहीतरी बोलला. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं नाही, काय म्हणाला ते विचारलंही नाही. आत गेले आणि गॅरेजचं शटर ओढून घेतलं.