आगाऊ आभार

आमच्या कचेरीत तिला सगळे टाचणीबाई म्हणत. हे नाव मीच ठेवलं होतं, आणि ठेवल्यावर मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. डाव्या मनगटाला ती शिंप्यासारखी छोटी गादी बांधायची, त्यात पंधरा-वीस टाचण्या खोचलेल्या असायच्या, आणि अंगानंही ती तशीच होती, वर एवढंसं डोकं आणि खाली सरळ काडी. स्टेपलर तिला चालत नसे. कागदाला भोकं पडतात आणि सोडवताना तो फाटतो, असं तिचं म्हणणं. बावीस वर्षं ती खासदारसाहेबांच्या मतदारसंघातल्या कचेरीत अर्ज घेत बसली. मी साहेबांचा स्वीय सहायक, म्हणजे तिचा वरिष्ठ, आणि या गोष्टीची मी तिला दिवसातून दोनदा तरी आठवण करून देत असे.

कचेरी म्हणजे बाजाराच्या मागच्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावरच्या तीन खोल्या. पहिलीत बाकं, दुसरीत ती आणि मी, तिसरीत साहेब. साहेब म्हणजे साहेबांची खुर्ची, कारण साहेब बहुतेक विमानात असत. ते परराष्ट्र समितीवर होते आणि एका मोठ्या मित्रदेशाशी व्हायचा करार त्यांचा जीव की प्राण होता. खोलीत त्या देशाच्या पाहुण्यांबरोबरचे एकोणीस फोटो होते. मतदारसंघातला एकच, तोही निवडून आल्याच्या दिवसाचा. बाकावरची माणसं विचारायची, साहेब कधी भेटतील? टाचणीबाई म्हणायची, अर्ज द्या, साहेबांपर्यंत पोचेल. हे ती थाप म्हणून सांगत नसे. तिचा खरोखरच विश्वास होता, आणि याचा मला फार राग यायचा.

आता आमची एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीमुळे झालं. काम होईपर्यंत माणूस रोज उंबरे झिजवतो, आणि काम झालं की पुन्हा तोंड दाखवत नाही. साहेबांना तर आभारपत्रं हवी असत, पत्रकांत छापायला, सभेत वाचायला. टाचणीबाईनं तोड काढली. अर्ज घेतानाच त्याच्यामागे आभारपत्र टाचून घ्यायचं. सही तेव्हाच, तारखेची जागा कोरी. काम झालं की ती तारीख घालायची आणि पत्र झालेल्या कामांच्या गठ्ठ्यावर जायचं. नाही झालं तर लोखंडी कपाटात पडून राहायचं. कपाटाची किल्ली एकच होती आणि ती तिच्या गळ्यात असे.

पत्रं ती स्वतः लिहून द्यायची, आणि लिहायची फार सुंदर. माणसाला समोर बसवून विचारायची, हे झालं तर तुम्ही पहिल्यांदा काय कराल? मग तेच लिहायची. रस्त्यावरचा दिवा मागायला आलेल्या बाईच्या पत्रात दिव्याबद्दल एकच ओळ होती, ‘आता माझी मुलगी शिकवणीहून एकटी येते.’ दिवा लागला नाही. पत्र मात्र वाचून मलासुद्धा वाटलं की लागला असावा.

तिला एक धाकटा भाऊ होता. आईबाप लवकर गेले, हिनंच त्याला वाढवला, आणि त्या नादात लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं. भाऊ बसस्थानकाच्या भिंतीला लागून किल्ल्या करून द्यायचा. चाळिशीत त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आमच्या गावच्या रुग्णालयात डायलिसिसचं एकही यंत्र नव्हतं, म्हणून आठवड्यातून तीनदा तो पहाटेच्या बसनं मोठ्या शहरात जायचा. जायला चार तास, यंत्रावर चार तास, यायला पुन्हा चार. प्रवास साहेबांच्या कोट्यातल्या मोफत पासावर, आणि त्या पासावर दर महिन्याला साहेबांची नवी सही लागायची. सही कधी होईल ते माझ्या हातात होतं. मी ती कधी अडवली नाही, पण महिनाअखेरीला बाई माझ्या टेबलाभोवती दोन-तीनदा घुटमळली की मला बरं वाटायचं.

रुग्णालयात यंत्रं बसवा म्हणून गावातल्या एकसष्ट रोग्यांनी अर्ज दिले. त्यात भावाचाही होता. आभारपत्राच्या वेळी तो म्हणाला, “ताई, अजून झालंच नाही तर आभार कसले मानू?” ती म्हणाली, पद्धत आहे. मग तिनं त्यालाही तोच प्रश्न विचारला आणि लिहिलं, ‘आता मी सकाळी जातो आणि दुपारी जेवायला ताईकडे घरी असतो. आठवड्यातले तीन दिवस मला परत मिळाले.’ तिला वाईट वाटू नये म्हणून त्यानं हसत सही केली. मी बाजूलाच बसलो होतो.

करारावरचं संसदेतलं मतदान जवळ आलं तसं साहेबांचं नशीब उघडलं. मित्रदेशानं जाहीर केलं की मैत्रीची खूण म्हणून आठ डायलिसिस यंत्रं देऊ. एकतर आमच्या गावाला, नाहीतर आमच्यापासून सहा तासांवरच्या दुसऱ्या एका गावाला. गरज कुठे जास्त आहे ते पाहायला त्यांचं पथक येणार होतं. टाचणीबाईनं त्या दिवशी पेढा मिळाल्यासारखा चेहरा करून सगळ्यांना पाणी आणून दिलं. पाणी रोज मीच उठून घ्यायचो.

तिकडे विरोधक साहेबांना ‘परदेशाचा खासदार’ म्हणून चिडवत होते, आणि ते त्यांना फार लागलं होतं. साहेबांचा फोन आला की वाचनालयाचं सभागृह घे आणि लोकांच्या आभारपत्रांनी भिंत भरून टाक, पाहुण्यांना दिसू दे आपलं गावात काय वजन आहे. मी गठ्ठा काढून मोजला. तारीख पडलेली पत्रं सदतीस निघाली. भिंत चाळीस फुटांची होती.

शिक्का काढायचाय म्हणून मी बाईकडून कपाटाची किल्ली मागून घेतली आणि सरळ बसस्थानक गाठलं. दुसरी किल्ली करून घ्यायला गावात दुसरा माणूस नव्हता. भावाच्या हाताला पट्टी होती, पाय सुजून चपलेबाहेर आले होते. किल्ली पाहून तो म्हणाला, “ताईच्या कपाटाची ना? मीच केली होती.” कशाला हवी ते त्यानं विचारलं नाही. कानस मारताना तो दोनदा थांबला, दम खाल्ला आणि मग किल्ली शर्टाला पुसून माझ्या हातात दिली. मला त्या वेळी घाई झाली होती, एवढंच आठवतं.

रविवारी बंद कचेरीत बसून मी तीनशे पत्रांवर तारखा घातल्या. तीन पेनं वापरली, अक्षर बदलत गेलो, दोन वर्षांतले दिवस विखरून टाकले. सुट्टीचे दिवससुद्धा आठवणीनं टाळले. डायलिसिसची एकसष्ट पत्रं हाताखालून गेली. ती मी पाहिली नाहीत असं नाही. लांबून भिंत बघतील, फोटो काढतील आणि जेवायला जातील, परक्या भाषेतलं कोण वाचत बसतंय, असा माझा हिशेब होता. बावीस वर्षांत आमच्या कचेरीत पत्रं कुणी वाचत नसे, लिहिणारी सोडून.

पाहुणे यायच्या दहा मिनिटं आधी टाचणीबाई सभागृहात आली. ती भिंतीपाशी गेली आणि एकेका पत्रासमोरून सरकत राहिली. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, ही कपाटातली आहेत. मी म्हटलं, असतील. ती परत वळली आणि भावाचं पत्र काढायला लागली. मी तिचं मनगट धरलं, गादीतल्या दोन टाचण्या माझ्या तळव्यात घुसल्या, आणि तेवढ्यात दार उघडलं.

पथकाच्या प्रमुख एक पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी चष्मा लावला, दुभाष्याला जवळ घेतलं आणि भिंत पहिल्या पत्रापासून वाचायला सुरुवात केली. डायलिसिसच्या पत्रांपाशी त्या फार वेळ थांबल्या. मग साहेबांना म्हणाल्या, तुमच्याकडे यंत्रं नाहीत असं आम्हाला कळवलं होतं, ती माहिती जुनी निघाली याचा आनंद वाटतो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहिलं. पत्रं खोटी आहेत म्हणावं तर सगळी भिंतच अंगावर येणार, आणि मतदान नऊ दिवसांवर. साहेब म्हणाले, “लोकांसाठी करावंच लागतं.” डॉक्टरीणबाईंनी वहीतली रुग्णालयाची भेट खोडली. दुभाष्यानं सांगितलं की मग यंत्रं त्या दुसऱ्या गावाला देणंच न्यायाचं होईल.

एवढ्यावर संपलं असतं, पण डॉक्टरीणबाईंना एक पत्र फार आवडलं होतं. जेवायला बहिणीकडे जाणाऱ्या माणसाचं. हा कोण, असं त्यांनी विचारलं. साहेब लगेच खुलले, म्हणाले, त्याची बहीण आमच्याच कचेरीत आहे, आणि टाचणीबाईकडे बोट केलं. सगळे वळले. डॉक्टरीणबाई जवळ आल्या आणि दुभाष्याकरवी विचारलं, तुमचा भाऊ आता कसा आहे?

टाचणीबाईनं तोंड उघडलं. ती खरं बोलणार हे मला स्पष्ट दिसलं. त्या एका वाक्यानं यंत्रं आमच्या गावाला मिळाली असती. मी तिच्या मागे उभा होतो. मी हळूच म्हणालो, “पासावर सही व्हायचीय अजून.”

उद्या पहिली तारीख होती, आणि उद्याच भावाचा शहरात जायचा दिवस. तिनं मनगटावरची गादी सारखी केली. मग म्हणाली, “बरा आहे. दुपारी घरी जेवायला असतो.”

डॉक्टरीणबाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. जाताना साहेबांनी गाडीच्या टपावर कागद ठेवून पासावर सही केली, आणि तीन महिन्यांची एकदम केली. मला वाटलं, निभावलं. माझी लाज मला त्या दिवशी वाटली नाही, ती फार उशिरा वाटली, आणि उशिरा वाटलेल्या लाजेचा कुणाला काही उपयोग नसतो.

करार मंजूर झाला. साहेबांच्या भिंतीवर पाहुण्यांबरोबरचा विसावा फोटो लागला. दुसऱ्या गावात आठ यंत्रं बसली.

त्या सहीनंतरच्या सातव्या आठवड्यात, एका मंगळवारी, पहाटेच्या बसमध्ये निम्म्या वाटेवर भाऊ गेला. कंडक्टरला तो झोपलाय असं वाटलं. पास हातातच होता, त्याची मुदत अजून सहा आठवडे बाकी होती.

पाचव्या दिवशी टाचणीबाई कामावर आली. मनगटाला गादी बांधली, पेला विसळून ठेवला. मी साहेबांच्या सहीचं सांत्वनपत्र तयार ठेवलं होतं. तिनं ते वाचलं, एका जागी सुटलेला काना दिला आणि आवक नोंदवहीत चढवलं. माझ्याशी भांडेल म्हणून मी दोन दिवस उत्तरं जमवून ठेवली होती. ती वाया गेली.

मग तिनं कपाट उघडलं. भिंतीवरून उतरवलेली पत्रं मी तिथेच कोंबली होती. त्यातून तिनं भावाचं काढलं, मी घातलेल्या तारखेवर पट्टी धरून सरळ रेघ मारली आणि कागद माझ्यासमोर ठेवला.

“ही तारीख चुकलीय. बरोबर घाला.”

मी विचारलं, कुठली घालू?

“मंगळवारची. त्याला आणलं तेव्हा बारा वाजून गेले होते. निरोप आला तसं मी ताट वाढूनच ठेवलं होतं.” मग पेन माझ्याकडे सरकवत म्हणाली, “तुम्हीच घाला. तुमच्या हाताला सवय आहे.”

मी तारीख घातली. या वेळी अक्षर बदललं नाही. तिनं शाई वाळेपर्यंत वाट पाहिली, मनगटावरची टाचणी काढून पत्र अर्जाच्या मागे टाचलं आणि झालेल्या कामांच्या गठ्ठ्यावर ठेवलं.