पोथीची उघड स्तुती करणाऱ्या बाई

लिहिण्याचा मला अधिकार नाही, आणि हे धाडसही फार उशिराचे आहे. वाचकांनी क्षमा करावी. पण त्या बाई मनातून जात नाहीत.

इंदूरच्या 'जुनी इंदूर' भागातल्या आमच्या शेजारच्या काकूंना सासऱ्यांची सचित्र पोथी विकायची होती. सोबतीला म्हणून मी बसलो होतो. दोन संग्राहक आले होते. पहिल्या गृहस्थांनी या व्यवहाराच्या रिवाजाप्रमाणे दोष काढायला सुरुवात केली. "कसर लागली आहे, रंग उडालेत. चित्रांची पानं तेवढी घेतो, बाकी रद्दी." काकूंचा चेहरा उतरला.

दुसऱ्या होत्या त्या बाई. त्यांनी आधी हात धुतले, पोथी पाटावर ठेवली आणि एकेक सुटे पान दोन्ही हातांनी उचलून पाहिले. "काय देखणं अक्षर आहे," त्या म्हणाल्या. "मी पूर्ण पोथी घेईन."

"मॅडमजी, इतकी तारीफ कराल तर सौदा तुम्हालाच महाग पडेल," गृहस्थ हसले.

"पडू दे ना भिया," बाई इंदुरी ढंगात म्हणाल्या. "नावं ठेवून घरी नेली, तर रोज तिच्याकडे कोणत्या तोंडाने बघू?"

काकू उठल्या. गृहस्थ भाव वाढवू लागले, तो न ऐकताच काकूंनी बाई देतील त्या किमतीला पोथी देवघरातल्या लाल रेशमी कापडात बांधून बाईंच्या हाती दिली. बाईंनी ती डोक्यावर घेतली आणि गल्लीतून अशा ताठ मानेने चालत निघाल्या, की समोरचा रिक्षावाला आपणहून बाजूला थांबला.

मनापासून हवी असलेली वस्तू तुम्ही कधी अशी उघड वाखाणून मागितली आहे का?