टर्कीचं कातडं

माझ्या ताईचं मला बाकी सगळं सहन होतं, तिचं ‘नुसतं’ तेवढं सहन होत नाही. कुवेतच्या शर्क भागात समुद्र दिसणारा फ्लॅट मिळाला तेव्हा ती म्हणाली, “नुसती बाल्कनी बरी आहे गं.” दाजींना बँकेत बढती मिळाली तेव्हा म्हणाली, “नुसतं नाव मोठं, काम तेच.” आणि गेल्या हिवाळ्यात आमचे वडील, आप्पा, पहिल्यांदा कुवेतला आले, तिने त्यांना टर्की खाऊ घातली आणि त्यांनी ती मागून मागून खाल्ली, तेव्हाही तिचं तेच. “अगं, त्यात काय? विकतची स्मोक्ड टर्की असते, धुरावर शिजवलेली. नुसती गरम करायची.”

आम्ही दोघी बहिणी इथेच. ती लग्न करून आधी आली, मी चांगल्या दहा-बारा वर्षांनी. माझ्या नवऱ्याची शुवैखमधली नोकरी, गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामातल्या हिशेबनिसाची, हीसुद्धा दाजींच्या ओळखीतली. त्यामुळे आमच्या घरात ताईबद्दल वाईट बोलायची सोय नाही. आप्पांचा व्हिजिट व्हिसाही दाजींच्या नावावर निघाला आणि आप्पांची बॅग विमानतळावरून सरळ शर्कला गेली. ज्याचा व्हिसा त्याचे आप्पा, असा काही कायदा नाही. पण विमानतळावर मी हार घेऊन उभी असताना कुणी मला विचारलंसुद्धा नाही.

माझ्या वाट्याला शुक्रवार आला. दर शुक्रवारी दाजी आप्पांना अर्दियाला आमच्याकडे आणून सोडायचे आणि संध्याकाळी आम्ही त्यांना परत पोहोचवायचो. एका दिवसात काय काय खाऊ घालणार? मी गुरुवारपासूनच मसाला वाटायला घ्यायची. मटणाचा तांबडा रस्सा, बाजरीची भाकरी, खरडा, गरम भात. आप्पा साताऱ्याकडचे, जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेले. जिभेला तिखट लागलं नाही तर जेवलो असं न वाटणारा माणूस. ते भाकरी कुस्करून खायचे, “झ्याक झालंय” म्हणायचे आणि ताटावर हात धरायचे. दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही कधी. मग गाडीत बसलं की हळूच विषय काढायचे, “थोरलीकडं त्यो मोठा पक्षी असतुया बघ, टर्की का काय. लई चवीचा असतुया.”

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी दोन दिवस पाट्यावर बसल्यासारखं राबावं, आणि ताईने आयत्या पिठावर रेघोट्या ओढून वाहवा मिळवावी! एकदा तिच्याकडे गेले असताना ती टर्की कशी करते तेही मी डोळ्यांनी पाहिलं. जमियातून, म्हणजे वस्तीतल्या सहकारी दुकानातून, प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेली आणायची. फ्रीजमध्ये ठेवून सावकाश वितळू द्यायची. ट्रेमध्ये ठेवून तळाशी थोडं पाणी, वरून फॉइल, आणि ओव्हन अगदी मंद. शेवटी फॉइल काढून थोडा वेळ तशीच, म्हणजे कातडं कुरकुरीत होतं. मीठ नाही, मसाला नाही, फोडणी नाही. त्या वेळात ताई बाल्कनीत बसून आप्पांशी गप्पा मारत होती. मी तिथे गेले तशा दोघांच्या गप्पा थांबल्या आणि ताई म्हणाली, “ये गं, तुझ्यासाठी चहा टाकू?” पाहुणीला विचारतात तसं.

आप्पांचे जायचे दिवस जवळ आले तेव्हा मी ठरवलं, आता स्पष्ट बोलायचं. गाडीत मागे वळून म्हटलं, “आप्पा, उरलेले दिवस माझ्याकडे राहा. तिकडे भरपूर राहिलात.”

आप्पा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, “बघू. शुक्रवारी येतोच हाय, तवा सांगतो.”

शुक्रवारी! म्हणजे माझ्या जेवणावर ठरणार. आप्पांच्या मनात तसं होतं की नाही देव जाणे, माझ्या मनात होतं. नवरा म्हणाला, “मटणच कर, तुझा हात त्यात बसलाय.” पण मला आता मटणात जिंकायचं नव्हतं. मला टर्कीतच जिंकायचं होतं. ताईची टर्की खाऊन विसरतील अशी टर्की करायची होती.

ताईला विचारलं असतं तर तिने सगळं सांगितलं असतं. तिचा हाच तर त्रास आहे, ती काही लपवत नाही. पण विचारायला गेले असते तर ती म्हणाली असती, “त्यात विचारायचं काय, नुसती गरम कर.” मी विचारलं नाही. जमियातून बऱ्यापैकी मोठी स्मोक्ड टर्की आणली. ओव्हन उघडून त्यातल्या कढया, तवे, डोशाचा नॉनस्टिक, सगळं बाहेर काढलं. आमच्या घरातल्या ओव्हनने तोवर भांडी सांभाळण्यापलीकडे दुसरं काही काम केलेलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी प्लास्टिक कापलं आणि जळकट वास नाकात गेला. कातडं काळपट तपकिरी, तेलाच्या फडक्याने पुसल्यासारखं. मी म्हटलं, हे असंच खायचं? कुठल्या देशात कापली, कुणाकुणाचे हात लागले, काय माहीत! आमच्याकडे कोंबडी असो की मटण, धुऊन हळद-मीठ चोळल्याशिवाय भांड्यात जात नाही. मी ती नळाखाली धरली. वास जाईना म्हणून लिंबू चोळलं. तरी जाईना म्हणून मासे धुतात तसं बेसन लावून धुतली. आणि कातडं तर मी कोंबडीचंही कधी ठेवत नाही. खाटकाकडे गेले की माझं पहिलं वाक्य, “स्किन निकालना भाई.” हेही सोललं. सुरेख सुटून आलं, पायाकडचं तर अख्खं मोजा काढावा तसं. ते वाडग्यात काढून ओट्यावर ठेवलं, खाली गाड्यांखाली बसणाऱ्या मांजरांना घालू म्हणून.

माझी लेक पाणी प्यायला आली आणि पाकीट वाचून म्हणाली, “आई, इट्स ऑलरेडी कुक्ड.”

“मग काय झालं? आपल्या पद्धतीने शिजवतेय.”

“बट व्हाय?” असं विचारून ती निघून गेली. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते लेकीला सांगण्यासारखं नव्हतं.

मग मी माझं सगळं कसब पणाला लावलं. दही, आलं-लसूण, घरचा कांदा-लसूण मसाला. टर्कीला चिरा देऊन आतपर्यंत भरलं. ओव्हन चांगला कडक तापवला आणि उघडीच आत ढकलली. रंग असा काही आला की मी फोटो काढला. ताईला पाठवणार होते, मग म्हटलं, आधी आप्पांना जेवू दे.

आप्पा आले. बाहेर मशिदीतलं शुक्रवारचं प्रवचन संपत आलं होतं. नवरा आणि लेक आधीच काहीतरी खाऊन खरेदीला गेले होते, मीच पाठवलं होतं त्यांना. आप्पा एकटे समोर हवे होते मला. मी ताट वाढलं. सुरी लावली तर भुसा निघावा तसे धागे सुटले. एकदा शिजलेलं परत तेवढंच शिजवलं की काय होणार? वरून मसाल्याचं कवच, आत कोरडं लाकूड. आणि ते आधीच मिठातलं होतं, त्यात मी परत मीठ घातलेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

आप्पांनी एक घास खाल्ला. पाणी प्याले. दुसरा खाल्ला, परत पाणी प्याले. मग बोटाने तुकडा उलटा करून बघितला, त्याच्याखालचाही उलटा केला.

“काय शोधताय आप्पा?”

“कातडं कुठंय?”

“काढलं. खात नाही ना आपण.”

“हां,” ते म्हणाले. तुकडा नाकाशी नेला. “ह्यात धूर न्हाई. थोरलीकडच्यात असतुया.”

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला. बोलले असते तर रडू आलं असतं, आणि टर्कीवरून रडणारी बाई व्हायचं नव्हतं मला.

आप्पाच बोलायला लागले. ताटातला मसाला बोटाने सारवत बोलत होते. “तुझी आई कोंबडीची पिसं उपटली की ती जाळावर धरायची. बारकी पिसं जळत्यात त्येनं. सगळ्या घरात धूर. मग मानंचं, पायाचं कातडं काढून, मीठ चोळून निखाऱ्यावर टाकायची. थोरली चुलीम्होरं बसून असायची. हात पुढं करूनच. पयला तुकडा तिला.” ते हसले. “परवा तिच्याकडं पयला घास घेतला अन् आमी दोघांनी एकमेकांकडं बघितलं. कुनीच काय बोललं न्हाई.”

आई गेली तेव्हा मी पाटीवर अ गिरवत होते. मला तिचा एक हिरवा पदर आठवतो, आणि तोही खरा आठवतो की फोटोतला, याची मला खात्री नाही.

“आणि मी कुठे बसायचे, आप्पा?”

“तू?” त्यांनी विचार केला. “तू झालीस तवा गॅस आला हुता की घरात. गल्लीत पयला आपलाच. तुझ्या पायगुणानं आला म्हनायचे समदे. अन् कोंबडीबी मग दुकानातनंच यायची, सोललेली.”

ते कौतुकाने सांगत होते. माझा पायगुण म्हणे! ताईला आईची चूल मिळाली, धूर मिळाला, पहिला तुकडा मिळाला, आणि मला सिलिंडर. मला त्या क्षणी ताईचा जेवढा हेवा वाटला तेवढा तिच्या समुद्राचा, बाल्कनीचा, दाजींच्या पगाराचा, सगळ्यांचा मिळून कधी वाटला नव्हता. फ्लॅट उद्या मीही घेईन. तिची ती आधीची वर्षं मी कुठून आणू?

आप्पांनी ताटावर हात धरला. “सांजच्याला थोरलीकडंच सोड मला. औषधं समदी तिकडंच हायती. कशाला हलवाहलव.” आणि मग, अगदी सहज, “अन् ते कातडं टाकलं नसशील तर पुडीत बांधून दे. थोरलीला लई आवडतं.”

“टाकलं,” मी म्हटलं. “मांजरांना घातलं.”

आणि ताट घेऊन आत गेले.

वाडगा ओट्यावर तसाच होता. बेसनाचे पांढरे डाग पडलेलं, लिंबाने कुठे कुठे फिकुटलेलं कातडं. सकाळी मी त्याच्याकडे नाक मुरडून बघितलं होतं. मी तवा ठेवला. एक्झॉस्ट फॅन लावला. पायाकडचा मोठा तुकडा तव्यावर टाकला, तशी त्यातली चरबी चुरचुरली आणि इतकं धुऊन, चोळूनसुद्धा तो वास वर आला. धुराचा. मी उभ्या उभ्या, फुंकर न मारताच तो तोंडात टाकला. जीभ भाजली. खारट, कडवट, आणि मग काहीतरी असं की दुसरा तुकडा पहिला संपायच्या आत उचलला. एकही तुकडा त्यांना द्यायचा नाही, तिला तर नाहीच नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी भिंतीकडे तोंड करून सगळं खात होते.

“टाकलं म्हनालीस न्हवं?”

आप्पा हात धुवायला दारात आले होते. माझं तोंड भरलेलं. मला गिळता येईना आणि खोटंही बोलता येईना. आप्पा रागावले नाहीत. नळाशी आले, हात धुतले, माझ्या खांद्यावरच्या ओढणीला पुसले. गावाकडे ते असेच कुणाच्याही पदराला हात पुसायचे.

“तुझी आईबी असंच म्हनायची,” ते म्हणाले. “संपलं म्हनायची. अन् आमची पाठ वळली की भिताडाकडं तोंड करून उरलेलं खायची. गाल असाच फुगायचा, ह्याच बाजूचा.”

माझ्या तोंडून पहिलं आलं ते हे, “ताईला माहितीये?”

“न्हाई. ती पयला तुकडा घेऊन पळालेली असायची खेळाय.”

आप्पा दिवाणावर जाऊन पडले. मी तवा घासला, वाडगा घासला आणि ओव्हनमध्ये कढया परत रचल्या.

संध्याकाळी त्यांना शर्कला पोहोचवलं. ताईने दारातच विचारलं, “काय गं, तुझी लेक फोनवर म्हणाली, टर्की केलीस! कशी झाली?”

“काही नाही गं,” मी म्हटलं, “नुसती गरम केली.”

“आणि कातडं? आणलंस का थोडं?”

“टाकलं,” मी म्हटलं.

आप्पा दाराशी वाकून चपला काढत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. कुणीच काही बोललं नाही.