मनूचं जुनं पेडल

मनू, जरा कान इकडे कर, तुला रागवायचंय. गिटारचा आवाज बदलणारं ते पेडल, ती पायाने दाबायची डबी, माझ्याकडे सोडून गेलीस. वर म्हणालीस, “आजी, म्हातारं झालंय गं ते, खरखरतं. टाकून दे.” अगं, कुणासमोर बोलतेयस हे?

काल शेजारच्या अनघाने आपली गिटार त्याला जोडली. खरखरलं खरं. मग तिने त्याचं बटण पुष्कळदा इकडून तिकडे फिरवलं, नवी बॅटरी घातली, आणि खरखर गेली. माझे गुडघेही सकाळी असेच कुरकुरतात. घरातल्या घरात दोन फेऱ्या मारल्या की गप्प बसतात. म्हातारपणाच्या नावावर आपण काय काय खपवतो! निम्मं तर नुसतं बसून राहिल्याचं असतं.

आवाज मात्र पूर्वीसारखा टोचला नाही, छान मऊ लागला. आता पेडल निवळलं की माझे कान, कोण सांगणार? अनघाने ते पूर्वी ऐकलेलं नाही. मी ऐकलंय, पण तेव्हा माझ्या कानात हे मशीन नव्हतं. त्याचा जुना आवाज नीट ओळखणारी तू एकटीच.

पुसून खिडकीत ठेवलंय ते. गिटार घेऊन लवकर ये गं. वाजव, आणि काय ते मला मोठ्याने सांग.